रिकामी बाजू विकायला काढू नका

प्रति,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातील डेटा सेंटरचे चालक व व्यवस्थापक,
तसेच त्यांच्याकडे रॅक भाड्याने घेणाऱ्या बँका, रुग्णालये व इतर संस्था

विषय : रॅकवरील वीजभाराची मर्यादा ४० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका चालकाचे दीड पानी परिपत्रक आम्हा विद्युत ठेकेदारांच्या हाती आले. हॉलमधल्या प्रत्येक रॅकला, म्हणजे सर्व्हर संगणकांच्या कपाटाला, ए आणि बी अशा दोन बाजूंनी जी वीज दिलेली आहे, तिचा निम्म्याहून अधिक हिस्सा वर्षभर वापराविना पडून राहतो. मीटरच्या नोंदींवरून हे दिसून आले आहे. म्हणून यापुढे प्रत्येक बाजूवर ४० टक्क्यांऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत भार घेण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय होता. नव्या मर्यादेप्रमाणे चाचणी अहवाल तयार करून ते पर्यवेक्षकाच्या सहीनिशी सादर करावेत, अशी शेवटची ओळ होती. ज्यांच्या सह्या लागणार आहेत त्यांपैकी मी एक आहे.

परिपत्रक एकाचे असले तरी विचार अनेकांचा आहे. ऐरोलीपासून महापेपर्यंत ज्या ज्या हॉलमध्ये आमची माणसे कामाला जातात, तिथे हीच भाषा आता तोंडी ऐकू येते. एखाद्या व्यवस्थापकाला भेटून कानावर घालण्याचा प्रयत्न मी केला. मला चहा मिळाला आणि ‘वरून आलंय’ एवढे उत्तर मिळाले. वर कोण बसले आहे ते मला माहीत नाही, म्हणून पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी कळव्यात राहतो. ठाण्याच्या आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम केल्यानंतर पहिली दहा वर्षे दिघा, रबाळे आणि तुर्भ्याच्या कारखान्यांत मोटारी, पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात गेली. पुढे पर्यवेक्षकाचा परवाना मिळाला आणि कामाची जागा बदलली, कारण एमआयडीसीच्या ज्या भूखंडांवर पूर्वी रसायनांची पिंपे रचलेली असत, तिथे थंड हवेचे, बिनखिडक्यांचे हॉल उभे राहू लागले होते. माझ्या सहकारी बँकेची खाती आणि माझ्या आईच्या डायलिसिसच्या नोंदी ज्या संगणकांवर आहेत, ते संगणक याच पट्ट्यातल्या कुठल्यातरी रॅकमध्ये असण्याचा संभव आहे. तेव्हा या निर्णयाशी माझा संबंध सहीपुरताच आहे, असे समजू नये.

प्रथम ४० टक्के हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण परिपत्रक लिहिणाऱ्याला तो कुणाच्यातरी भित्रेपणातून आलेला वाटत असावा. नेहमीच्या रॅकला प्रत्येक बाजूने ३२ अँपिअरची एक फेज दिलेली असते. २३० व्होल्टने गुणले की ७३६० व्होल्ट-अँपिअर, म्हणजे सात किलोवॅटच्या आसपास. रॅकमधल्या प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, त्यांतला एक ए बाजूच्या पीडीयूला, म्हणजे रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या सॉकेटांच्या पट्टीला, आणि दुसरा बी बाजूच्या पीडीयूला जोडलेला असतो आणि सर्वसाधारण स्थितीत दोघे मिळून भार अर्धा अर्धा वाटून घेतात. एक बाजू गेली, मग ती बिघाडामुळे जावो किंवा देखभालीसाठी बंद केलेली असो, की दुसऱ्या बाजूवर सगळा भार एका क्षणात येतो. ३२ चे ४० टक्के म्हणजे १२.८ अँपिअर, दुप्पट झाले की २५.६, म्हणजे ८० टक्के. सतत चालणारा भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये हा दंडक अमेरिकी नियमपुस्तकातून आलेला आहे आणि आपल्याकडे तो कायदा म्हणून लागू नाही, हे मला मान्य आहे. कुणी ४० च्या जागी ४५ म्हणाले असते तर मी वाद घातला नसता. पण ७५ टक्के म्हणजे प्रत्येक बाजूवर २४ अँपिअर आणि एक बाजू गेल्यावर दुसरीवर ४८ अँपिअर. जास्त प्रवाह झाला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या ३२ अँपिअरच्या स्विचवर, म्हणजे एमसीबीवर, ३२ अँपिअरच्या सॉकेटवर, ३२ अँपिअरच्या हिशेबाने ओढलेल्या केबलवर ४८ अँपिअर!

मीटरवर जी बाजू अर्धी रिकामी दिसते ती पडून राहिलेली नसते. दुसऱ्या बाजूसाठी राखलेली ती जागा आहे आणि ग्राहकाने तिचे भाडे आधीच भरलेले आहे. लोकलच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरली तर लोक भांडतात, पण इथे रुमालाखालची जागा खरोखर विकत घेतलेली आहे आणि तीच आपण दुसऱ्या प्रवाशाला पुन्हा विकत आहात.

यावर मला असे सांगण्यात आले की चाचणी करून पाहिली आहे, ए बाजू बंद केली, बी बाजूने भार घेतला आणि काहीही झाले नाही. चाचणी किती वेळ चालली, असे मी विचारले. दोन मिनिटे.

या दोन मिनिटांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सारा घोटाळा त्यांच्यात आहे. एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झाले तर चुंबकीय यंत्रणा निमिषार्धात पाडते. भार थोडाच जास्त असेल तर द्विधातूची पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि मग पाडते. प्रमाण मानकानुसार थंड एमसीबीने नेमून दिलेल्या प्रवाहाच्या १.१३ पट प्रवाह एक तास न पडता सोसला पाहिजे आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडले पाहिजे. ३२ अँपिअरसाठी १.४५ पट म्हणजे ४६.४ अँपिअर. आपले ४८ अँपिअर त्याच्याही पुढे आहेत, म्हणजे एमसीबी पडणार हे निश्चित आहे; फक्त तो दुसऱ्या मिनिटाला पडेल की विसाव्या, हे त्याच्या तापमानावर आणि नशिबावर अवलंबून आहे. दोन मिनिटांच्या चाचणीत तो न पडणे यावरून एवढेच कळते की पट्टी अजून तापायची होती.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका हॉलमध्ये, रविवारी पहाटे, ए बाजूच्या यूपीएसची, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर भार पेलणाऱ्या यंत्रणेची, देखभाल ठरलेली होती. कागदावर मर्यादा ४० टक्केच होती, पण ग्राहकांनी सर्व्हर वाढवत नेले होते आणि कुणी त्यांना थांबवले नव्हते; एका ओळीतले बहुतेक रॅक तेव्हाच २२ ते २४ अँपिअरवर चालत होते. ए बाजू बंद झाली, पाच मिनिटे सगळ्यांनी पडद्याकडे पाहिले, सगळे हिरवे होते, आणि माणसे चहाला गेली. नवव्या मिनिटाला पहिला रॅक गेला. पुढच्या अर्ध्या तासात त्या ओळीतले आणखी दहा गेले, एकामागून एक आणि कुठल्याही क्रमाशिवाय, त्यामुळे कारण लक्षात यायलाच वेळ लागला. फोन वाजू लागले. आमच्याबरोबरचा चोवीस वर्षांचा वायरमन, ज्याला मीच कामाला घेतले होते, फॉल्स फ्लोअरखाली, म्हणजे केबलसाठी उचलून बसवलेल्या जमिनीखाली, उतरला आणि एका रॅकचे औद्योगिक सॉकेट तापलेले दिसले म्हणून त्याने भार चालू असतानाच प्लग ओढला. ठिणगी नव्हती, जाळच होता. त्याच्या उजव्या हाताची त्वचा सोलवटली आणि सहा आठवडे त्याला हाताने जेवता आले नाही. अहवालात ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. चूक त्याची होतीच. भार असताना प्लग ओढू नये हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. पण ते सॉकेट का तापले होते याविषयी अहवालात एक शब्द नव्हता. त्या पहाटे नियम मोडून जे घडले होते, त्याला या परिपत्रकाने नियमाचे रूप दिले आहे.

हा माझा मुख्य आक्षेप. बाकीचे याच्या पोटातून निघतात.

दुसरा आक्षेप तापमानाचा आहे. एमसीबीवर छापलेले ३२ अँपिअर हे सभोवतालचे तापमान ३० अंश सेल्सिअस धरून ठरवलेले असतात. आपल्या हॉलमध्ये थंड हवा सर्व्हरच्या पुढच्या बाजूला सोडली जाते. पीडीयू आणि कित्येक ठिकाणी एमसीबींची पेटी (डीबी) सुद्धा मागच्या, गरम बाजूला असते आणि तिथे चाळीस अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यात दहा-बारा एमसीबी खांद्याला खांदा लावून बसवलेले असले की ते एकमेकांना तापवतात. तापमानामुळे क्षमतेत किती घट धरायची याचा तक्ता प्रत्येक उत्पादक आपल्या माहितीपत्रकात देतो. तो तक्ता उघडून भाराची मर्यादा ठरवलेली मी आजवर मोजक्याच ठिकाणी पाहिली आहे, आणि परिपत्रकात तर तापमान हा शब्दच नाही.

तिसरा आक्षेप जोडण्यांचा. हा सांगायला सगळ्यात साधा आणि साइटवर सगळ्यात जास्त आढळणारा. एका सर्व्हरच्या दोन वायरी दोन बाजूंना जायला हव्यात. त्या दोन्ही एकाच पीडीयूत खोचलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता मोजत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ ठाणे-मुंबईतल्या कुणाच्याही लक्षात असेल. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांमधल्या बिघाडांमुळे दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा पुरवठा कोसळला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली. मी त्या वेळी महापे येथील एका हॉलमध्ये होतो. ए बाजूच्या यूपीएसमधली एक बॅटरी-साखळी दगा देऊन गेली, त्यामुळे जनित्र भार घेईपर्यंतचे काही सेकंद ए बाजू मेलेली होती. बी बाजू व्यवस्थित टिकली. रचना ज्यासाठी केली होती ते तिने केले. तरीही तीन रॅकमधले सर्व्हर बंद पडले, कारण त्यांच्या दोन्ही वायरी ए बाजूलाच होत्या. इतक्या मोठ्या संकटातून इमारत तरली आणि चार पिनांनी घात केला. एका बाजूच्या वायरी लाल आणि दुसऱ्या बाजूच्या निळ्या ठेवल्या तर ही चूक दाराशी उभे राहून दिसते. खर्च नगण्य आहे. तरीही सगळीकडे काळ्याच वायरी आहेत. शिवाय एकच पॉवर सप्लाय असलेली जुनी यंत्रे, विशेषतः नेटवर्कची लहान उपकरणे, दोन बाजूंत आपोआप बदल करणाऱ्या स्विचशिवाय तशीच लटकवलेली असतात, आणि एखाद्या बँकेच्या साऱ्या शाखा अशा एका पेटीवर अवलंबून असू शकतात.

चौथा आक्षेप न्यूट्रलविषयी, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या तारेविषयी आहे. रॅक मोठे होत चालल्यामुळे आता तीन फेजचे पीडीयू येऊ लागले आहेत. हे चांगलेच आहे. पण तीन फेजवर भार समतोल वाटायचा असतो आणि न्यूट्रलचा जोड फेजइतक्याच काळजीने आवळायचा असतो, याकडे दुर्लक्ष होते. ठाण्यातल्या एका कार्यालयाच्या छोट्या सर्व्हर खोलीत न्यूट्रलच्या तारेच्या टोकाची लग सैल होऊन सुटल्याचे मी पाहिले आहे. न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टची उपकरणे दोन फेजच्या मधल्या ४०० व्होल्टवर एकमेकांशी ओळीने जोडल्यासारखी होतात आणि ज्या फेजवर भार कमी, तिच्यावर दाब चढतो. तिथे मीटरने ३४० दाखवले होते. सात पॉवर सप्लाय फुटले आणि खोलीत जळका वास आठवडाभर राहिला. प्रत्येक बाजूचा भार जवळजवळ दुप्पट करताना न्यूट्रलचे जोड पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, भार चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहावेत, अशी एखादी ओळ परिपत्रकात असायला हवी होती. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, १२.८ चे २४ झाले की तीच सैल लग साडेतीन पट तापते. त्यातून आपली हवा खाडीची आहे. पहिल्या पावसाळ्यात चकचकीत असलेला तांब्याचा जोड तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत काळवंडतो, हे इथे काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

अर्थिंगबद्दल थोडक्यात. प्रत्येक पॉवर सप्लायमधून फिल्टरमुळे थोडासा प्रवाह अर्थिंगच्या तारेत सतत जात असतो. तो एक मिलिअँपिअर धरला तरी वीस सर्व्हरच्या एका बाजूचे वीस मिलिअँपिअर झाले. अर्थिंगकडे प्रवाह गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, म्हणून बहुतेक हॉलमध्ये रॅकसाठी तो बसवत नाहीत, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण मग माणसाचा जीव वाचवण्याची सगळी जबाबदारी त्या एका हिरव्या तारेवर येते. ती तुटली तर रॅकच्या दाराला हात लावणाऱ्याच्या शरीरातून तो प्रवाह वाट काढतो, आणि दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताची पकड सोडवणे अवघड होते. सर्व्हर वाढले की हा प्रवाहही वाढतो. असे असूनही रॅकच्या सांगाड्याला पीडीयूच्या वायरीपासून वेगळी, जाड अर्थिंगची तार दिलेली आहे का, हे तपासल्याशिवाय रॅक चालू केले जातात.

पाचवा आक्षेप यूपीएसविषयी आहे आणि तो ग्राहकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. रॅकपुढचा एमसीबी हा फक्त शेवटचा दरवाजा. हॉलमधले सगळेच रॅक ७५ टक्क्यांवर गेले आणि ए बाजू गेली, तर बी बाजूच्या यूपीएसवरही दीडपट भार येईल. यूपीएस साधारणपणे १२५ टक्के भार दहा मिनिटे आणि १५० टक्के भार एक मिनिट सोसतो. त्यानंतर तो बायपासवर जातो, म्हणजे हॉल थेट बाहेरच्या विजेवर येतो, आणि त्याच वेळी बाहेरची वीज गेलेली असेल तर सारेच संपले. यावर आपले उत्तर असते की सगळे रॅक एकाच वेळी पूर्ण भार घेत नाहीत. हॉलच्या पातळीवर हे बरेचसे खरे आहे, हे मी नाकारत नाही. पण एका रॅकच्या एमसीबीला शेजारच्या रॅकच्या रिकामेपणाचा काही उपयोग नसतो. शिवाय ज्या पंधरा मिनिटांच्या सरासरी नोंदींवर आपला हिशेब आधारलेला आहे, त्यांत क्षणिक चढ बुडून जातो. बंद पडलेला हॉल पुन्हा चालू होतो तेव्हा सगळे पंखे, सगळ्या डिस्क आणि सगळे प्रोसेसर एकाच वेळी जागे होतात. तेव्हाचा भार कुठल्याही सरासरीत सापडत नाही. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरमध्ये वीज तोडली गेली आणि नंतर ती अनियंत्रितपणे पुन्हा जोडली गेल्याने यंत्रांचे नुकसान झाले. सुमारे ७५ हजार प्रवासी अडकून पडले. तिथले नुकसान वीज जाताना झाले त्याहून अधिक वीज परत येताना झाले.

बॅटऱ्यांवर मी फार लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे निदान आपले लक्ष आहे. तरी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि ७०९ सरकारी संगणक यंत्रणा बंद पडल्या, एवढे लक्षात असू द्यावे. जे काम ‘किरकोळ’ म्हणून चालू हॉलमध्ये केले जाते, त्यातूनच हे घडते.

सहावा आक्षेप माणसांचा. नव्या मर्यादेमुळे रॅक झपाट्याने भरतील, आणि ते चालू हॉलमध्ये, चालू बसबारवर (विजेच्या मुख्य पट्ट्यांवर), रात्रीच्या दोन-अडीच तासांच्या मुदतीत भरावे लागतील. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे विद्युत संचमांडणीवर काम करणारी व्यक्ती त्यासाठी नेमलेली असावी लागते. प्रत्यक्षात रात्री अडीच वाजता कुठला मुलगा फ्लोअरखाली आहे हे त्याच्या ठेकेदाराच्या ठेकेदारालाच ठाऊक असते. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, असते, पण ते सकाळी भरतात.

आपली अडचण मला कळत नाही असे नाही. ट्रान्सफॉर्मर, यूपीएस आणि जनित्र यांवर खर्च केलेल्या पैशांपैकी निम्मे पैसे कधीच कामाला येत नाहीत असे ताळेबंदात दिसते, आणि एमआयडीसीच्या भूखंडांचे भाव सर्वांना माहीत आहेत. त्यातून कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची यंत्रे आली. त्यांतल्या काही प्रकारांत एकाच रॅकला १२० किलोवॅट लागतात, म्हणजे जुन्या हिशेबाने सतरा रॅकची वीज एकाच रॅकमध्ये. ग्राहक दाराशी उभा आहे आणि तो तामिळनाडूत किंवा तेलंगणात जाऊ शकतो. पण अधिक वीज देण्याचे सरळ मार्ग आहेत. एका फेजच्या ३२ अँपिअरऐवजी तीन फेजचे ३२ अँपिअर दिले की प्रत्येक बाजूला २२ किलोव्होल्ट-अँपिअर मिळतात. नवी केबल ओढावी लागते, नवा एमसीबी लागतो, पण राखीव जागेला हात लागत नाही. यूपीएसच्या दोन संचांऐवजी तीन संच ठेवून रॅकची विभागणी जोड्याजोड्यांनी केली, तर प्रत्येक संच दोन तृतीयांशापर्यंत भरता येतो आणि एक गेला तरी उरलेले दोघे त्याचा भार उचलतात. हे नव्या हॉलच्या आराखड्यातच ठरवावे लागते, चालू हॉलमध्ये परिपत्रकाने साधत नाही. जास्त भाराच्या रॅकसाठी डोक्यावरून जाणारा बसडक्ट, म्हणजे विजेच्या पट्ट्यांची बंद नळी, आणि त्यातून वीज काढणारी टॅप-ऑफ पेटी हा आणखी एक पर्याय आहे. यांपैकी कुठल्याही कामासाठी मी आणि माझी माणसे रात्रंदिवस उभी राहू.

आता मागण्या.

७५ टक्क्यांचे परिपत्रक लेखी मागे घ्यावे आणि एक बाजू पूर्ण बंद असतानाचा दुसऱ्या बाजूवरचा भार हाच यापुढे मर्यादेचा आधार धरावा. तो भार एमसीबीच्या तापमानानुसार घटवलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. मीटरवर केवळ प्रत्येक बाजूचा आकडा न दाखवता दोन्ही बाजूंची बेरीज दाखवावी आणि इशाऱ्याची घंटा त्या बेरजेवर लावावी. ही सोय आजच्या बहुतेक पीडीयूंत करता येते, फक्त कुणी ती करत नाही.

ए आणि बी बाजू बदलण्याची चाचणी खऱ्या भारावर किमान एक तास चालवावी आणि तिच्या शेवटी थर्मल कॅमेऱ्याची छायाचित्रे अहवालाला जोडावीत. दोन मिनिटांच्या चाचणीवर पर्यवेक्षकाची सही मागू नये.

नवा रॅक चालू करण्यापूर्वी प्रत्येक सर्व्हरच्या दोन्ही वायरी कोणत्या बाजूंना गेल्या आहेत हे एकेक वायर उपटून पाहावे, दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे करावेत, सांगाड्याच्या अर्थिंगची जोडणी मोजून तिची नोंद रॅकच्या दारावर चिकटवावी. भार असताना काढता येऊ नयेत अशी कुलूप असलेली सॉकेटे बाजारात मिळतात; फ्लोअरखाली निदान यापुढे तीच वापरावीत.

कुठल्या रात्री कोण काम करणार आहे त्याचे नाव, परवाना क्रमांक आणि परमिट काम सुरू होण्याआधी हॉलच्या दाराशी असावे. आणि काम थांबवण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला असावा, तो वापरल्याबद्दल त्याच्या ठेकेदाराचे पुढचे काम काढून घेतले जाऊ नये. ही शेवटची मागणी मान्य झाली नाही तर आधीच्या सगळ्या कागदावर राहतील, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

ग्राहक संस्थांना स्वतंत्र विनंती आहे. यंत्रणा किती वेळ अखंड चालू राहील याचे ९९.९८२ टक्के किंवा त्याहून मोठे आकडे आपल्या करारात असतात. ते पाहून समाधान मानू नका. आपल्या रॅकच्या ए आणि बी बाजूंची गेल्या महिन्यातली कमाल बेरीज मागा, शेवटची एक तासाची चाचणी कधी झाली ते विचारा आणि स्वतःचा एक माणूस पाठवून मागच्या वायरी पाहा. अर्धा दिवस लागेल. आपल्याच माणसांनी दोन्ही वायरी एका बाजूला खोचलेल्या सापडल्या तर चालकांना दोष देऊ नका, तसेही पुष्कळदा आढळते.

पत्राखाली मी नाव लिहिलेले नाही. माझ्याबरोबर अकरा माणसे काम करतात आणि त्यांची पोटे याच पट्ट्यावर चालतात. ज्यांना मी कोण ते कळायला हवे, त्यांना अक्षर न पाहताही कळेल. नव्या मर्यादेच्या अहवालांवर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. ते अहवाल सहीविना परत पाठवले आहेत. ज्या चालकाला एक तासाची चाचणी घ्यायची असेल त्याने कुठल्याही रविवारी पहाटे पाच वाजता बोलवावे. थर्मल कॅमेरा माझा असेल, आणि भाजलेला हात बरा झालेला तो वायरमनही बरोबर असेल; आता तो चाचणी संपेपर्यंत चहाला जात नाही.

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक
कळवा, जिल्हा ठाणे